ययातीचे उसने तारुण्य



स्मृतिव्याख्यानाची सुरुवात दिवंगतांच्या गुणवर्णनाने करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. अध्यक्षांनी ते काम आत्ताच इतक्या जिव्हाळ्याने केले आहे, की वक्त्याने त्यात भर घालायला जाणे म्हणजे भरल्या ताटावर पुन्हा वाढप. तेव्हा प्रास्ताविक आवरते घेऊन थेट आकाशाकडे वळलेले बरे.

उत्तरेच्या आकाशात मराठी माणसाने एक अख्खे कुटुंब बसवले आहे. पाश्चात्त्य नकाशातला पर्सियस आपल्याकडे ययाती झाला, अँड्रोमेडा देवयानी, कॅसिओपिया शर्मिष्ठा आणि सेफियस वृषपर्वा. राजा, त्याच्या दोन बायका आणि सासरा. महाभारतातली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेला ययाती आपल्या पाच मुलांकडे तारुण्य मागतो. चौघे नाही म्हणतात आणि धाकटा पुरू आपले तारुण्य बापाला देऊन टाकतो. बाप तरुण, मुलगा वृद्ध. ज्याने कुणी ही नावे योजली त्याच्या ध्यानीमनीही नसेल, पण ययाती समूहातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या ताऱ्यात नेमका हाच व्यवहार घडलेला आहे. फरक एवढाच, की तिथे देवघेव झाली ती वायूची.

हा तारा म्हणजे अल्गोल. नाव अरबी, घूल म्हणजे राक्षस किंवा पिशाच्च यावरून आलेले. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी तो मंद होतो आणि काही तासांत पुन्हा पहिल्यासारखा उजळतो. ही घड्याळी शिस्त पहिल्यांदा मोजली ती इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिकने. 12 नोव्हेंबर 1782 च्या रात्री त्याच्या ती लक्षात आली तेव्हा त्याचे वय अठरा होते आणि लहानपणापासून त्याला ऐकू येत नसे. शेजारी राहणारा एडवर्ड पिगॉट त्याचा निरीक्षणातला जोडीदार. अल्गोलभोवती एखादी काळी वस्तू फिरत असावी आणि ती मधे आली की प्रकाश अडत असावा, असा तर्क गुडरिकने मांडला आणि 1783 साली रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. पुढच्याच वर्षी त्याने स्वरमंडलातला बीटा आणि वृषपर्वातला डेल्टा हे आणखी दोन रूपविकारी तारे ओळखले. 1786 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो गेला. त्याचा तर्क बरोबर होता हे वर्णपटावरून सिद्ध व्हायला 1889 साल उजाडले. ते काम जर्मनीतल्या पॉट्सडॅमला हेरमान फोगेल यांनी केले.

मग कोडे पडले.

ताऱ्यांचे चरित्र शाळेत शिकवतात ते एकट्या ताऱ्याचे. त्यातला मुख्य नियम साधा आहे. वजनदार तारा इंधन उधळतो आणि लवकर म्हातारा होतो. हलका तारा काटकसरी, त्याचे तारुण्य अब्जावधी वर्षे पुरते. अल्गोलमध्ये जड तारा सूर्याच्या तिपटीहून थोडा अधिक वजनाचा आहे आणि अजून ऐन तारुण्यात आहे. त्याच्या जेमतेम पाव वजनाचा सोबती मात्र फुगून म्हातारपणाला लागला आहे. दोघेही एकाच ढगातून एकाच सुमारास जन्मलेले, म्हणजे जुळी भावंडे. त्यातला दांडगा अजून शाळेत आणि किडकिडीत पेन्शनीत, हे कसे? या कोड्याला ‘अल्गोलची विसंगती’ असेच नाव पडले.

उत्तर 1955 साली अमेरिकेत जॉन क्रॉफर्ड यांनी दिले, आणि त्याच वर्षी ‘फ्रंटियर्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी’ या पुस्तकात फ्रेड हॉईल यांनीही. हॉईल म्हणजे केंब्रिजमध्ये जयंत नारळीकरांचे मार्गदर्शक. मराठी वाचक त्यांना बहुधा विश्वोत्पत्तीच्या वादामुळे ओळखतो, पण अल्गोलवरचे हे उत्तर त्या वादापेक्षा जास्त टिकले, असे वक्त्याचे मत आहे. आज हलका असलेला तारा पूर्वी दोघांतला जड होता, असे ते उत्तर. तो नियमाप्रमाणे आधी म्हातारा झाला, फुगला आणि फुगता फुगता आपल्या अंगावरचा वायू शेजाऱ्याला देऊन बसला. शेजारी वजनाने वाढला, ताज्या हायड्रोजनने तरतरीत झाला. देणारा वाळून पुरू झाला, घेणारा ययाती.

हा वायू कुठल्या वाटेने गेला, हे समजायला महाबळेश्वर गाठावे. त्या एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचे दोन वाटेकरी आहेत. माथ्याच्या अलीकडे पडलेला थेंब कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जातो, पलीकडे पडलेला सावित्रीतून अरबी समुद्राला. जोडताऱ्यांमध्येही असाच एक माथा असतो. प्रत्येक तारा म्हणजे गुरुत्वाकर्षणाची एक खोल दरी. कुठला वायू कुणाच्या दरीत राहणार, हे ठरवणारी हद्द एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या माँपेलिएचे एदुआर रोश यांनी गणिताने आखली. दोन हद्दी जिथे एकमेकींना टेकतात ती जागा म्हणजे माथ्यावरची सर्वांत ठेंगणी जागा, म्हणजेच खिंड. तारा फुगत गेला की त्याची दरी काठोकाठ भरते आणि पाणी खिंडीतून पलीकडे सांडू लागते. खिंडीच्या तोंडाशी वायूचा वेग सेकंदाला दहाएक किलोमीटर असतो. पलीकडचा उतार लागला की तो शेकड्यांत जातो.

या खिंडीचे शास्त्रीय नाव एल1. लाग्रांज या गणितज्ञाने 1772 साली दाखवलेल्या पाच समतोल बिंदूंपैकी हा एक. हे नाव आता घराघरांत पोचले आहे, कारण सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या याच खिंडीत, आपल्यापासून 15 लाख किलोमीटरवर, इस्रोचे आदित्य-एल1 हे यान 6 जानेवारी 2024 पासून घिरट्या घालते आहे. सूर्याने उद्या फुगून आपली हद्द ओलांडायची ठरवली, तर पहिला लोंढा त्या यानावरूनच जाईल. तशी भीती नाही. पुढची पाच अब्ज वर्षे तरी नाही.

अल्गोलच्या गोष्टीतला खरा मजेचा भाग पुढे आहे. जड ताऱ्याने हलक्याला वायू दिला, की दोघांमधले अंतर घटते. अंतर घटले की देणाऱ्याची हद्द आक्रसते आणि मग आणखी वायू सांडतो. म्हणजे देणाऱ्याला हात आखडता घेता येत नाही. जितके द्यावे तितके जास्त द्यावे लागते. वजने सारखी होईपर्यंत हा पूर चालतो आणि ताऱ्यांच्या हिशेबात तो चुटकीसरशी, काही लाख वर्षांत आटोपतो. त्यानंतर हलका जडाला देऊ लागतो. आता गणित उलटते. दोघे एकमेकांपासून दूर सरकू लागतात आणि पुराचा ओहोळ होतो. तो ओहोळ मात्र कोट्यवधी वर्षे झिरपत राहतो. आकाशात अल्गोलसारख्या जोड्या जवळपास नेहमीच ‘उलट्या’ अवस्थेत का सापडतात, याचे कारण हेच. 1960 च्या दशकात संगणक हाताशी आल्यावर किपेनहान आणि वायगर्ट यांनी हा सगळा प्रवास आकड्यांत करून दाखवला.

पूर ओसरता ओसरता पाहायचा असेल तर अभिजितच्या शेजारी, स्वरमंडलातल्या बीटाकडे पाहावे. गुडरिकचाच तारा. तिथल्या जोडीची प्रदक्षिणा सुमारे 13 दिवसांची आहे आणि ती दरवर्षी 19 सेकंदांनी लांबते आहे. 1784 पासून आजवर सव्वा तासाने लांबली. दोघे दूर सरकताहेत म्हणजे हलका जडाला देतो आहे, आणि देण्याचा वेग असा, की 50,000 वर्षांत एक अख्खा सूर्य इकडचा तिकडे होईल. ऑटो स्ट्रुव्हे आणि जेरार्ड कायपर यांनी 1941 सालीच वर्णपटाच्या गोंधळातून इथे वायूचे प्रवाह वाहताहेत हे ओळखले होते. घेणारा तारा सूर्याच्या तेरापट वजनाचा, पण तो दिसतच नाही. मिळालेल्या वायूच्या जाड कड्यात तो गळ्यापर्यंत बुडालेला आहे. 2008 साली कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या सहा दुर्बिणींच्या संचाने टिपलेले या जोडीचे चित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा देणारा आणि ते कडे हे दोन ठिपके पहिल्यांदा वेगवेगळे दिसले.

पण ज्याला शेजारीच नाही, त्या ताऱ्याचा वायू गप्प बसतो काय?

आपला सूर्य एकटा आहे आणि तो दर सेकंदाला दहा-पंधरा लाख टन वायू आकाशात सोडतो. हे आकडे आज सहज उच्चारता येतात. 1958 पूर्वी त्यांना कुणी हसले असते. धूमकेतूंच्या शेपट्या नेहमी सूर्याच्या उलट दिशेला का वळतात, यावर विचार करताना जर्मनीतल्या लुडविग बियरमान यांना सूर्यातून काहीतरी सतत वाहत असावे असे वाटले होते. शिकागोतल्या यूजीन पार्कर या तरुणाने गणित मांडले. सूर्याभोवतीचा करोना दहा लाख अंशांहून तप्त आहे; इतका तप्त वायू वातावरणासारखा स्थिर राहूच शकत नाही, तो उसळून बाहेर पडलाच पाहिजे, आणि पृथ्वीजवळ येईतो त्याचा वेग सेकंदाला शेकडो किलोमीटर झालेला असला पाहिजे. ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’च्या परीक्षकांनी लेख नापसंत केला. संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांना स्वतःलाही ही कल्पना फारशी रुचली नव्हती, पण गणितात चूक सापडेना, तेव्हा परीक्षकांना बाजूला ठेवून त्यांनी लेख छापला. 1962 साली शुक्राकडे निघालेल्या मरीनर-2 यानाला वाटेत हा वारा अखंड लागला आणि वाद मिटला. पार्कर यांच्या नावाचे यान 24 डिसेंबर 2024 रोजी सूर्यपृष्ठापासून अवघ्या 61 लाख किलोमीटरवरून गेले. आदित्यवरही सौरवाताचे कण मोजणारी उपकरणे आहेत, आणि त्याच यानावरची सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवलेली आहे.

‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’ची एक जुनी आठवण मात्र कडवट आहे. प्रकाश वायूला ढकलतो, आणि ठरावीक रंगांचा प्रकाश ठरावीक अणूंनाच निवडून जास्त ढकलतो, हे मेघनाद साहांनी 1917 च्या सुमारास कलकत्त्यात बसून लिहून काढले. लेख छापायचा तर खर्चाचा वाटा उचला, असे कळवण्यात आले. तरुण साहांकडे तेवढे पैसे नव्हते. लांब लेख राहिला आणि छोटे टिपण तेवढे छापून आले. पुढे याच कल्पनेच्या पायावर तप्त, निळ्या ताऱ्यांच्या वाऱ्याचा सिद्धांत उभा राहिला. 1975 साली कॅस्टर, ॲबट आणि क्लाइन यांनी त्याचे हिशेब मांडले. अशा ताऱ्यांचा वारा सेकंदाला दोन-तीन हजार किलोमीटर वेगाने सुटतो.

तो वारा दिसतो कसा? हंस समूहात पी नावाचा एक तारा आहे. 1600 साली डच नकाशाकार विलेम ब्लाऊ यांनी तो अचानक प्रकटलेला पाहिला. त्याच्या वर्णपटातल्या प्रत्येक मोठ्या रेषेला दोन अंगे असतात: एक उजळ आणि तिच्या निळ्या बाजूला चिकटून एक काळी. ताऱ्याच्या चहूकडे पसरलेला वायू चमकतो, त्याची रेषा उजळ. त्यातलाच आपल्या दिशेने धावत येणारा भाग मागचा प्रकाश गिळतो, त्याची रेषा काळी आणि निळ्या बाजूला सरकलेली. सरकण्यावरून वेग कळतो. कोट्यवधी कोटी किलोमीटरवरचा वारा मोजायला लागते ती एवढीच खूण.

आणि प्रत्येक तारा चहूबाजूंनीच फुंकतो असेही नाही. शर्मिष्ठेच्या एम अक्षराच्या मधल्या टोकाचा गॅमा तारा स्वतःभोवती इतक्या जोरात गरगरतो, की त्याच्या कमरेवरचा वायू निसटून कड्यासारखा भोवती फिरत राहतो. 1866 साली रोममध्ये फादर आंजेलो सेक्की यांना त्याच्या वर्णपटात काळ्याऐवजी उजळ रेषा दिसल्या. उजळ रेषांचा असा हा पहिला तारा.

लाल राक्षसी ताऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिमिंगल समूहात मीरा नावाचा तारा आहे. या नावाचा मेवाडच्या मीराबाईशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अद्भुत. 1596 साली डाविड फाब्रिसियस यांनी तो पाहिला, मग तो दिसेनासा झाला आणि पुन्हा परतला. सुमारे 332 दिवसांत तो एकदा फुलतो आणि मिटतो. प्रत्येक फुलण्यात बाहेरचा वायू थोडा वर उचलला जातो, वर गेला की थंडावतो आणि त्यात धूळ धरते. ताऱ्याचा प्रकाश धुळीला ढकलतो, धूळ वायूला ओढत नेते. वेग किती? सेकंदाला जेमतेम पाच-दहा किलोमीटर. सूर्याच्या वाऱ्यापुढे ही झुळूक. पण झुळूक मंद असल्यामुळेच जवळचा सोबती तिला सहज पकडतो. मीराला असा सोबती आहे, बहुधा श्वेत बटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा आटलेला गाभा, आणि हद्द न ओलांडताही मीराचा वायू त्याच्या पदरात पडतो. उरलेला वायू मागे राहतो: मीरा आकाशगंगेतून सेकंदाला 130 किलोमीटर वेगाने धावते आहे आणि 2007 साली गॅलेक्स या अवकाश दुर्बिणीला तिच्यामागे 13 प्रकाशवर्षे लांबीची शेपटी सापडली.

2019 च्या अखेरीस काक्षी, म्हणजे बेटेलग्यूज, एकाएकी मंदावला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचा अतिनवतारा होणार म्हणून बातम्या रंगवल्या. तसे काही झाले नाही. ताऱ्याने वायूचा मोठा लोंढा बाहेर टाकला होता. तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती आपल्या बाजूने आडवी आली. 2020 च्या मे महिन्यापर्यंत तारा पूर्वपदावर आला होता. पुढे 2025 साली जेमिनी नॉर्थ दुर्बिणीला त्याच्या अगदी लगत एक फिकट सोबती असल्याच्या खुणाही मिळाल्या.

दोन वारे एकमेकांवर आदळले तर? हंस समूहातल्या डब्ल्यूआर-140 या जोडीत दोन्ही तारे प्रचंड वाऱ्याचे. दर आठ वर्षांनी ते एकमेकांच्या अगदी जवळ येतात, वारे धडकून दाबले जातात आणि त्या दाबात धूळ तयार होते. जेम्स वेब दुर्बिणीच्या 2022 सालच्या चित्रात या जोडीभोवती अशी 17 वलये मोजता येतात. दर आठ वर्षांची एक नोंद.

आता खिंडीकडे परत येऊ. खिंडीतून निघालेला वायू सरळ शेजाऱ्याच्या अंगावर का पडत नाही? उत्तर कोकणातल्या शेतकऱ्याच्या अनुभवातले आहे. दक्षिण गोलार्धातून निघालेले आग्नेयेचे वारे विषुववृत्त ओलांडताच उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येचा मान्सून होऊन सह्याद्रीवर आदळतात. फिरत्या पृथ्वीचा तो प्रताप. जोडतारेही एकमेकांभोवती फिरत असतात, म्हणून वायूची धार वाकते. अल्गोलचा घेणारा तारा मधल्या अंतराच्या मानाने लठ्ठ आहे, म्हणून वाकूनही ती धार त्याच्या कुशीवर आदळते. पण घेणारा श्वेत बटू असला, पृथ्वीएवढाच, तर नेम चुकतो. धार त्याला वळसा घालते, स्वतःवरच येऊन आदळते आणि फिरत्या वायूची चकती बनते.

चकतीत अडकलेला वायू आत पडत नाही, हीच मुख्य अडचण आहे. फिरणे सोडल्याशिवाय पडता येत नाही आणि फिरण्याचा साठा, म्हणजे कोनीय संवेग, नाहीसा करता येत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारावा लागतो. कुणाच्या, आणि कसा? 1973 साली शाकुरा आणि सुन्याएव या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी या अज्ञानाला आल्फा हे अक्षर दिले आणि उरलेले गणित सोडवले. अज्ञानाला अक्षर देऊन पुढे जाण्याचे इतके फलदायी उदाहरण विज्ञानात विरळा. खरे कारण चुंबकीय आहे. आतला वायू वेगाने फिरतो, बाहेरचा हळू. दोघांना जोडणारी चुंबकीय रेषा म्हणजे दोन धावपटूंच्या कमरेला बांधलेला रबरी दोर. दोर पुढच्याला मागे खेचतो, तो आत घसरतो. मागच्याला पुढे ओढतो, तो बाहेर सरकतो. दोर आणखी ताणला जातो. ही अस्थिरता चकत्यांसाठी बॅल्बस आणि हॉली यांनी 1991 साली दाखवली, पण तिचे समीकरण मॉस्कोत वेलिखोव्ह यांनी 1959 साली आणि चंद्रशेखर यांनी 1960 साली, फिरत्या नळकांड्यांतल्या द्रवासाठी, लिहून ठेवले होते. तीस वर्षे ते ग्रंथालयात पडून राहिले.

अशीच चकती असलेला मिथुन समूहातला यू हा तारा 1855 साली जॉन रसेल हाइंड यांना सापडला. जोडीची प्रदक्षिणा सव्वाचार तासांची, म्हणजे मुंबई-पुणे जाऊन येण्याइतकी, वाहतूक बरी असेल तर. सरासरी तीनेक महिन्यांनी तो शंभरपट उजळतो. कारण चकतीत आहे. धरणात पाणी साठावे तसा तिच्यात वायू साठत जातो, तापत जातो, आणि एका ठरावीक तापमानाला हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होऊ लागले की चकतीचे दरवाजे उघडतात आणि साठा आत कोसळतो. ते तापमान कोणते, हे सांगते 1920 सालचे साहांचे आयनीभवनाचे समीकरण.

आत कोसळलेला हायड्रोजन श्वेत बटूच्या अंगावर थरांनी साचतो. थर पुरेसा जाड झाला की त्याचा अणुस्फोट होतो. त्यालाच नवतारा म्हणतात. बहुतेक नवताऱ्यांचे दोन स्फोट पाहायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. देवयानी दीर्घिकेत मात्र 2008 साली लक्षात आलेला एक नवतारा जवळजवळ दरवर्षी भडकतो. त्याचा श्वेत बटू चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे सुमारे 1.4 सूर्यांच्या, अगदी काठावर आहे. लडाखमधल्या हान्ले इथल्या भारतीय दुर्बिणी आणि भारताचीच ॲस्ट्रोसॅट ही अवकाश वेधशाळा यांनी त्याचे स्फोट टिपले आहेत.

आपल्याच आकाशगंगेतला आरएस ऑफियुकी 2006 च्या फेब्रुवारीत भडकला, तेव्हा नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने त्याच्याकडे तोंड वळवले. इथे श्वेत बटूचा सोबती लाल राक्षसी तारा आहे आणि स्फोटाला त्याच्या मंद वाऱ्यातूनच वाट काढावी लागते. धुक्यात फटाका फुटावा तसे. इतक्या कमी वारंवारतेला या नवताऱ्याचा आवाज पकडणारी ही पहिली दुर्बीण, आणि त्या निरीक्षणांवरून लाल ताऱ्याचा वारा कसा पसरला आहे याचा अंदाज बांधता आला. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या द्राक्षांच्या मळ्यांशेजारी उभ्या राहून हे ऐकत होत्या, हे जुन्नर तालुक्याबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही याचे वक्त्याला वाईट वाटते.

उरले सासरे. वृषपर्वात, ध्रुवताऱ्याजवळ, एनजीसी-188 नावाचा सुमारे सात अब्ज वर्षांचा वृद्ध तारकागुच्छ आहे. इतक्या जुन्या गुच्छात निळे, तरुण तारे असू नयेत. ते केव्हाच संपायला हवेत. तरीही काही आहेत. जेवणावळीची पंगत उठली तरी पानावर बसून राहिलेल्या पाहुण्यांसारखे. शास्त्रज्ञ त्यांना ब्लू स्ट्रॅगलर म्हणतात, म्हणजे मागे रेंगाळलेले निळे. अशा ताऱ्यांकडे पहिल्यांदा लक्ष वेधले ते ॲलन सँडेज यांनी, 1953 साली. 2016 साली ॲस्ट्रोसॅटवरच्या बंगळुरूत घडलेल्या अतिनील दुर्बिणीने या गुच्छातल्या एका निळ्या ताऱ्याला चिकटलेला तप्त सोबती उघड केला. अंगावरचा वायू देऊन बसलेल्या ताऱ्याचा तो उघडा पडलेला गाभा. इथेही कुणीतरी तारुण्य दिले होते आणि कुणीतरी घेतले होते.

हे अपवाद नाहीत. 2012 साली युरोपीय वेधशाळेच्या चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने केलेल्या पाहणीचा निष्कर्ष असा, की सर्वांत वजनदार ताऱ्यांपैकी 70 टक्क्यांहून अधिक तारे आयुष्यात केव्हा ना केव्हा सोबत्याशी वायूची देवघेव करतात. म्हणजे पाठ्यपुस्तकातले एकट्या ताऱ्याचे चरित्र निदान या थोरामोठ्यांना तरी लागू पडत नाही. ताऱ्याचे वय विचारण्याआधी शेजारी कोण, हे विचारावे लागते. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी एवढी एक दुरुस्ती करावी, ही या व्याख्यानाच्या निमित्ताने विनंती.

पुराणातल्या ययातीने सहस्र वर्षांनी तारुण्य परत केले. अल्गोलचा जड ताराही उद्या म्हातारा होईल, फुगेल, आपली हद्द भरेल आणि तेव्हा खिंडीतून वायू उलट दिशेने वाहू लागेल. ते पाहायला कुणी नसेल. पण आजचा व्यवहार दुर्बिणीशिवाय पाहता येतो. डिसेंबरमध्ये रात्री नऊच्या सुमारास महाराष्ट्रातून उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले, की ययाती डोक्यापासून थोडा खाली दिसतो. अल्गोल एरवी दुसऱ्या प्रतीचा, जवळच्या देवयानीतल्या गॅमाइतका तेजस्वी; ग्रहण लागले की साडेतीनाच्या आसपास उतरतो. समजा, रविवारी रात्री बारा वाजता तो सर्वांत मंद दिसला, तर पुढची वेळ बुधवारी रात्री 8 वाजून 49 मिनिटांची. त्यापुढची शनिवारी संध्याकाळी 5 वाजून 38 मिनिटांनी उजेडातच निघून जाते. पण ग्रहण सुमारे दहा तासांचे असल्यामुळे अंधार पडल्यावर तो उजळताना सापडतो.